विनोद बोलण्यात की ऐकण्यात?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

विनोदी नाटक पाहून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी कचेरीत किंवा घरी जेवताना त्यातलं एखादं वाक्य सांगायला जातो. आदल्या रात्री त्याच वाक्यावर सगळं नाट्यगृह हसलेलं असतं. आता ऐकणारे मात्र नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. मग तो ओशाळून म्हणतो, "नाही, ते प्रत्यक्षच पाहायला पाहिजे!" हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आलेला असेल. वाक्य तेच, शब्द तेच. मग एका रात्रीत त्यातला विनोद गेला कुठे?

मला वाटतं, तो त्या वाक्यात नव्हताच. ते वाक्य कोण बोललं, कुणाला बोललं आणि मुख्य म्हणजे ज्याला बोललं त्याने ते कसं ऐकलं, यात तो होता. नाटकातल्या संवादाबद्दल बोलताना आपण नेहमी बोलणाऱ्याचा विचार करतो. कुणाची भाषा ठसकेबाज, कुणाची ग्रामीण, कुणाची पल्लेदार. ते बरोबरच आहे. पण विनोदी नाटकात माणसाचा स्वभाव त्याच्या बोलण्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, त्याच्या ऐकण्यातून कळतो. आजच्या या भाषणात मला एवढंच सांगायचं आहे आणि त्यासाठी एकच नाटक पुरेसं आहे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ'.

या नाटकाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलियेरची. त्याचं हे प्रहसन १६६० साली पॅरिसला रंगभूमीवर आलं. त्यावरून आर्थर मर्फी याने इंग्रजीत 'ऑल इन द राँग' हे नाटक लिहिलं. ते १७६१ साली लंडनमध्ये झालं. देवलांनी मर्फीच्या नाटकावरून १८९३ साली 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक रचलं. पुढे त्यात पदं घातली गेली आणि गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली ते 'संगीत संशयकल्लोळ' या नावाने रंगभूमीवर आणलं. त्याच वर्षी जूनमध्ये देवल वारले होते. आपल्या नाटकाचं हे नवं रूप गाजलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही. बालगंधर्व रेवती झाले आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. तेव्हापासून आजतागायत हे नाटक पुन्हा पुन्हा होत आलं आहे.

म्हणजे पाहा, एक तसबीर पॅरिसहून निघाली, लंडनला थांबली आणि महाराष्ट्रात येऊन स्थिरावली. कथानक असं देशोदेशी हिंडू शकतं. संवादाला ती सोय नाही. लंडनच्या नवराबायकोचं भांडण जसंच्या तसं मराठीत आणलं तर प्रेक्षकांना ते परक्या घरातलं वाटेल. देवलांनी कथानक उसनं घेतलं, पण घर मराठी उभं केलं. पात्रांची नावंसुद्धा पंचांगातून काढली. पुरुष महिन्यांचे: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. बायका नक्षत्रांच्या: कृत्तिका, रेवती. ज्याच्या नावातच शिमगा आहे, तो माणूस घरात बारा महिने शिमगा केल्याशिवाय कसा राहील?

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. रेवती ही नायकिणीच्या घरात जन्मलेली तरुणी. अश्विनशेठ या श्रीमंत तरुणाचं तिच्यावर प्रेम आहे. त्याची तसबीर तिच्याजवळ आहे. एकदा रस्त्यात तिला घेरी येते. तिथून जाणारे फाल्गुनराव तिला सावरतात. हे त्यांच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेला पडतं आणि तिच्या मनात संशय शिरतो. त्या गडबडीत रेवतीजवळची तसबीर खाली पडते. ती कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळत असताना फाल्गुनराव तिला पाहतात आणि त्यांच्या मनात संशय शिरतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांकडे असल्याचं अश्विनशेठला कळतं. मग तोही रेवतीबद्दल संशय घेऊ लागतो. एका तसबिरीने दोन घरं पेटतात.

आता या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घ्या. या नाटकात खलपुरुष नाही. कुणी कुणाविरुद्ध कारस्थान रचत नाही. रेवतीला खरोखरच घेरी आली होती. फाल्गुनरावांनी माणुसकीनेच तिला हात दिला होता. कृत्तिकेला तसबीर खरोखरच रस्त्यावर सापडली होती. जो तो खरं तेच सांगतो आणि दर खऱ्या वाक्याबरोबर गोंधळ वाढत जातो. हे कसं होतं? कारण सांगणारा खरं सांगत असला, तरी ऐकणारा आपल्याला हवं तेच ऐकत असतो.

मूळ नाटकातली वाक्यं इथे म्हणून दाखवण्यापेक्षा, त्या घराला शोभेल असा एक छोटा संवाद मी माझ्या पदरचा रचून सांगतो. देवलांचं श्रेय मला घ्यायचं नाही आणि माझा दोष त्यांना द्यायचा नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो. असं समजा, की एक संशयी मालक घरगड्याची उलटतपासणी घेतो आहे.

"बाईसाहेब खिडकीत किती वेळ उभ्या होत्या?"

"थोडा वेळ, धनी."

"थोडा म्हणजे किती? माणूस रस्त्यावरून जाईल एवढा, की जाऊन परत येईल एवढा?"

"माणूस कुणी गेलं नाही, धनी. एक बैलगाडी गेली."

"गाडीत कोण होतं?"

"कडबा होता."

"आणि कडब्याखाली?"

यात कोटी नाही. शब्दाचा खेळ नाही. दोघांपैकी कुणालाही हसवायचं नाही. मालक अत्यंत गंभीर आहे. त्याच्या दृष्टीने हा संसाराचा प्रश्न आहे. गडी प्रामाणिक आहे. तरीही 'कडब्याखाली' या एका शब्दाला हसू येतं आणि त्या एका शब्दात तो माणूस आपल्याला नखशिखांत कळतो. याच्या मनात संशय आहे, हे सांगायला आता दुसऱ्या पात्राची गरज उरत नाही. जगात कुठेही कडबा दिसला, की त्याखाली कुणीतरी दडलेलं असणार, अशी याची पक्की खात्री आहे.

हा संवाद सोडवून पाहिला, तर विनोदी संवाद कसा बांधतात हे थोडं उमगतं. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक प्रश्न आधीच्या उत्तरातल्या शब्दाला धरून येतो. 'थोडा' या शब्दाला धरून 'किती', 'गाडी'ला धरून 'कोण', 'कडब्या'ला धरून 'खाली'. साखळी तुटत नाही. बाहेरून आणून चिकटवलेलं वाक्य प्रेक्षकांना लगेच कळतं; ते हसतात, पण लेखकाला हसतात, पात्राला नव्हे. दुसरी गोष्ट, दोघांच्या ऐकण्यातला फरक. गडी फक्त शब्द ऐकतो. मालक फक्त अर्थ ऐकतो आणि तोही स्वतःच्याच मनातला. एकाला शब्दापलीकडे काही दिसत नाही, दुसऱ्याला शब्द दिसतच नाही. अशी दोन माणसं समोरासमोर उभी केली, की त्यांनी हवामानाबद्दल बोललं तरी नाटक होतं. 'संशयकल्लोळ'मधली फाल्गुनराव आणि भादव्या ही जोडी याच पायावर उभी आहे.

तिसरी गोष्ट आपल्या मराठी भाषेची आहे. 'कडब्याखाली?' हा एकच शब्द, पण ते पूर्ण वाक्य आहे. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच जोडलेली असल्याने एका शब्दात आख्खा प्रश्न मावतो. त्यातून हशा पिकवणारा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवण्याची मुभाही आपल्याला मिळते. "कडब्याखाली कोण दडलं होतं ते सांग" असं लांबलचक वाक्य केलं, तर हसू 'कडब्याखाली'पाशी सुरू होऊ पाहतं आणि पुढच्या पाच शब्दांखाली गुदमरतं. हौशी मंडळींच्या तालमी घेताना मी हे अनेकदा पाहिलं आहे. वाक्याच्या शेवटी नट आपल्या पदरचा एक शब्द घालतो आणि हशा जातो. नट बिचारा म्हणतो, "काल आला होता, आज प्रेक्षकच थंड आहेत!"

हशाचं आणखी एक गणित असतं. नाट्यगृहात हशा उसळला, की त्यामागचं वाक्य ऐकू येत नाही. म्हणून जाणता नाटककार हशानंतरच्या लगेचच्या वाक्यात महत्त्वाची माहिती ठेवत नाही. तिथे तो एखादं संबोधन ठेवतो, "अस्सं!", "बरं, बरं!" असे उद्गार ठेवतो किंवा तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावतो. ही वाक्यं पुस्तकात वाचताना पोकळ वाटतात. प्रयोगात ती हशाला जागा करून देतात. विनोदी नाटक नुसतं वाचून त्याची परीक्षा करू नये, ती यासाठीच.

आता फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्याकडे वळू. रोग दोघांना एकच आहे. नाटककाराला इथे मोठा धोका होता. एकाच रोगाची दोन माणसं सारखंच बोलू लागली, तर दुसऱ्या अंकात प्रेक्षक कंटाळेल. देवलांनी रोग एकच ठेवला, लक्षणं वेगळी दाखवली. फाल्गुनरावांचा संशय चौकशी करतो. ते पुरावे गोळा करतात, माग काढतात. पुरुष असल्यामुळे त्यांना बाहेर हिंडायची मोकळीक आहे. न्यायाधीश, फौजदार आणि फिर्यादी अशा तिन्ही भूमिका ते एकटेच करतात. कृत्तिकेचा संशय टोमणे मारतो, रडतो, फणकारतो. आपल्याला काय दिसलं हे सरळ सांगण्याऐवजी ते नवऱ्याने आपण होऊन कबूल करावं, अशी तिची अपेक्षा असते. एकाची भाषा कचेरीतली, दुसरीची माजघरातली.

या दोघांचा सामना झाला, की काय होतं? पुन्हा एक माझा नमुना ऐका.

"मी सगळं पाहिलंय."

"मीसुद्धा."

"वर तोंड करून सांगायला काही वाटत नाही?"

"हेच मी आपल्याला विचारणार होते."

"म्हणजे कबूल आहे तर!"

"आपल्याला कबूल असेल, तर मी कशाला नाही म्हणू?"

यातलं प्रत्येक वाक्य दोघांपैकी कुणाच्याही तोंडी शोभेल. नवरा तसबिरीबद्दल बोलतो आहे, बायको रस्त्यात सावरलेल्या बाईबद्दल. दोघांनाही वाटतं, समोरच्याने गुन्हा कबूल केला. प्रेक्षकाला मात्र दोन्ही बाजू ठाऊक आहेत. विनोदी नाटकातला प्रेक्षक हा खरं तर तिसरं पात्र असतो. त्याला सगळं माहीत असतं, फक्त बोलायची परवानगी नसते. म्हणूनच तो हसतो. अशा संवादाआधी नाटककाराला एक काम नीट करावं लागतं. प्रेक्षकाला सगळी माहिती वेळेवर द्यावी लागते. तसबीर कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, हे प्रेक्षकाला एकदा जरी चुकलं, तरी पुढचा सगळा विनोद त्याच्या डोक्यावरून जातो. रंगमंचावर तसबीर दिसते तरी. रेडिओवर तीही सोय नाही. तिथे तसबिरीचा सगळा प्रवास संवादातूनच ऐकवावा लागतो.

या संवादातला 'आपल्याला' हा शब्दही जाता जाता बघा. मराठी घरात बायको नवऱ्याला 'तुम्ही' म्हणते आहे तोवर फारशी काळजी नसते. 'तुम्ही'चं 'आपण' झालं, की नवऱ्याने सावध व्हावं. आदर वाढला म्हणजे राग वाढला. तसंच नवऱ्याचं. 'अगं'वरून तो 'बाईसाहेब'वर गेला, की समजावं, आज घरात जेवण नीट होणार नाही. हे बारकावे भाषांतरात येत नाहीत. ते नाटककाराला स्वतःच्या घरात आणि शेजारच्या घरात कान देऊनच मिळवावे लागतात. लंडनहून आलेलं नाटक देवलांनी मराठी केलं ते अशा कानाने.

अश्विनशेठचा संशय तिसऱ्या तऱ्हेचा आहे. फाल्गुनरावांना संशयाची जवळजवळ गोडी आहे. नवा पुरावा सापडला, की त्यांना दुःख व्हायला हवं; त्यांना विजय झाल्यासारखा वाटतो. "बघा, मी म्हणत नव्हतो?" हा त्यांचा भाव असतो. आपलं घर मोडत असल्याचा पुरावा मिळाला म्हणून खूश होणारा माणूस, हा सगळ्या नाटकातला सर्वांत मोठा विनोद आहे. अश्विनशेठला मात्र संशयाचा त्रास होतो. त्याच्या बोलण्यातली गोडी आटते, शब्द टोचू लागतात. त्याला जे ऐकायची भीती वाटते, तेच त्याला ऐकू येतं. म्हणून त्याच्या प्रसंगांत आपलं हसू थोडं मंद होतं. एकाच नाटकात एकाच भावनेच्या अशा तीन पट्ट्या लावणं सोपं नाही.

आणि रेवती? तिचा विचार केला, की या नाटकात हसण्याच्या खाली काय आहे ते कळतं. ती ज्या घरात जन्मली त्या घरातल्या बाईच्या शब्दाला त्या काळच्या समाजात किंमत नव्हती. इतरांवर घेतलेला संशय सिद्ध करावा लागतो. तिच्यावर घेतलेला संशय आधीच सिद्ध झालेला असतो. तिच्यावर प्रेम करणारा, तिच्याशी लग्न करू पाहणारा माणूसदेखील पहिल्याच धक्क्याला तिच्या कुळाकडे बोट दाखवायला तयार होतो. देवलांचा मोठेपणा असा, की त्यांनी रेवतीला गयावया करायला लावलं नाही. तिला मान आहे, राग आहे, उत्तर आहे. ज्या देवलांनी १८९९ साली 'शारदा' लिहून म्हाताऱ्या भुजंगनाथाला तरुण नवरा ठरवू पाहणारा भद्रेश्वर दीक्षित उभा केला आणि जरठबाला विवाहावर सगळ्या महाराष्ट्राला विचार करायला लावलं, त्यांच्याच लेखणीतून रेवती उतरली आहे, हे विसरून चालणार नाही.

इथे मला देवलांचं आणखी एक नाटक आठवतं. 'फाल्गुनराव'च्या तीनच वर्षं आधी, १८९० साली, त्यांनी 'झुंझारराव' लिहिलं होतं. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'चं ते मराठी रूप. गणपतराव जोशींनी ते गाजवलं. त्या नाटकातही संशयी नवरा आहे, निरपराध बायको आहे आणि भलत्याच्या हाती सापडलेली एक क्षुल्लक वस्तू आहे. तिथे रुमाल, इथे तसबीर. तिथे शेवटी कमळजेचा जीव जातो. इथे कृत्तिका सुखरूप राहते. एकाच लेखकाने, इतक्या जवळच्या काळात, एकाच विषयावर एक शोकांतिका आणि एक प्रहसन मराठीत आणलं. तर या दोन्हींत फरक काय?

एक फरक उघड आहे. 'ऑथेल्लो'मध्ये नवऱ्याच्या कानात विष ओतणारा इयागो आहे. 'संशयकल्लोळ'मध्ये असं कुणी नाही. फाल्गुनराव आपले आपणच इयागो आहेत. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शोकांतिकेतली नायिका विनवते, पण तिच्या बोलण्याला नवऱ्यापुढे वजन उरलेलं नसतं. तिच्यावर नेमका आरोप काय आहे, हेही तिला फार उशिरा कळतं. प्रहसनातली कृत्तिका मात्र नवऱ्याच्या प्रत्येक शब्दाला शब्द देते. तो एक बोट दाखवतो, तर ती दोन दाखवते. विनोदी नाटकात प्रत्येक पात्राला उलट उत्तर देण्याचा हक्क असतो. मालकाला गडी उत्तर देतो, नवऱ्याला बायको देते, शेठजींना नायकिणीची मुलगी देते. या हक्कामुळेच संशयाला माणसाचा गळा धरता येत नाही. संवाद चालू आहे तोवर कुणाचा जीव जात नाही. तो थांबला, की नाटकाचा प्रकारच बदलतो. हे नाट्यगृहाबाहेरही तितकंच खरं आहे. संशयापायी बायकोचा बळी गेल्याच्या बातम्या आपण आजही वर्तमानपत्रांत वाचतो. त्या घरांत बहुतेक वेळा एकच माणूस बोलत असतो.

ऐकण्याची ही कसोटी इतर नाटकांनाही लावून पाहण्यासारखी आहे. गडकऱ्यांच्या 'प्रेमसंन्यास'मधला विसरभोळा गोकुळ घ्या. तो ऐकतो सगळं, पण त्याच्याकडे ते टिकत नाही. पु. ल. देशपांड्यांच्या १९५७ सालच्या 'तुझे आहे तुजपाशी'मधले काकाजी आणि आचार्य घ्या. आचार्य समोरच्याचं बोलणं तत्त्वाच्या तराजूत घालून ऐकतात; काकाजी समोरचा माणूस कसल्या अडचणीत आहे ते ऐकतात. प्रेक्षक काकाजींच्या बाजूला झुकतो, त्याचं कारण त्यांच्या हिंदी वळणाच्या लोभस मराठीत आहेच. पण ते नीट ऐकतात, हे कारणही तेवढंच मोठं आहे. आणि १९७५ सालची 'ती फुलराणी' तर ऐकण्याचंच नाटक आहे. भाषेचा प्राध्यापक मंजुळेचे उच्चार बारकाईने ऐकतो, मंजुळेला मात्र ऐकत नाही. त्याच्या कानाची ही तऱ्हा कळली, की सगळं नाटक कळलं.

संवादात दुसऱ्या जातीचाही विनोद असतो, तो मी कमी लेखत नाही. गडकऱ्यांचा तळीराम 'एकच प्याला'मध्ये बोलू लागला, की शब्दच नाचू लागतात. तिथे वाक्य स्वतःच्या तेजाने चमकतं; ते घरी येऊन सांगितलं तरी हसू येतं. देवलांचं वाक्य असं सुटं काढता येत नाही. ते त्या माणसाच्या अंगाला शिवलेलं असतं. म्हणूनच ते करणं नटाला कठीण जातं. विनोदी वाक्य मिळालं, की नटाला ते 'विनोदी' करून म्हणण्याचा मोह होतो. आवाज चिरकतो, भुवया उडतात. फाल्गुनराव करणाऱ्याने हा मोह आवरला पाहिजे. त्याने फक्त दोन गोष्टी कराव्यात. स्वतःच्या दुःखावर मनापासून विश्वास ठेवावा आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण ऐकावं. 'कडबा' हा शब्द कानात शिरला, मनात फिरला आणि तिथून 'कडब्याखाली' होऊन बाहेर आला, हा प्रवास चेहऱ्यावर दिसायला अर्धा क्षण लागतो. तो अर्धा क्षण ज्याने दिला त्याला हशा मिळतो. पाठ केलेलं वाक्य आल्याआल्या जो फेकतो, त्याला तो मिळत नाही.

नाटकाच्या शेवटी हा सगळा गुंता सुटतो, तो कुणाच्या उपदेशाने नव्हे. सगळी माणसं एका ठिकाणी येतात आणि ज्याच्या त्याच्याकडे असलेला गोष्टीचा तुकडा पुढे ठेवला जातो. घेरी कुणाला आली, तसबीर कुठे पडली, कुणाला सापडली. सगळं मिळून चार-पाच वाक्यांचा मामला. हीच वाक्यं पहिल्या अंकात कुणी शांतपणे ऐकून घेतली असती, तर नाटक तिथेच संपलं असतं. ती ऐकून घ्यायला या शहाण्या माणसांना सगळं नाटक लागलं आणि आपली करमणूक झाली.

पुढच्या वेळी कुठलंही विनोदी नाटक पाहायला जाल, तेव्हा एक गंमत करून पाहा. हशा उसळला, की क्षणभर बोलणाऱ्याकडे बघू नका. ज्याला ते बोललं गेलं त्याच्याकडे बघा. त्याच्या चेहऱ्यावर त्या वाक्याचं काय होतं आहे ते पाहा. नाटककाराने स्वभाव तिथे लपवलेला असतो. आणि घरी परतल्यावर ते वाक्य सांगून कुणी हसलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. त्या वाक्याला ऐकणारा फाल्गुनराव तुमच्या घरात नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो नाही, हे चांगलंच आहे.